मालवणी माशांच्या जेवणासोबत कोणती वाइन द्यावी?

वाशिष्ठी:

नमस्कार. कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी माझ्या सासऱ्यांची पंच्याहत्तरी आम्ही दादरच्या घरी साजरी करणार आहोत. आमच्याकडे चातुर्मासात मासे वर्ज्य असतात, त्यामुळे चार महिन्यांनी पुन्हा मासळी शिजणार आहे आणि बेत मनापासून ठरवला आहे. हिरवी चटणी भरून तळलेली पापलेटे, रवा लावलेले बोंबील, कोळंबीचे सुके, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, आंबेमोहराचा भात आणि शेवटी सोलकढी असा तो बेत आहे. जेवायला आम्ही बारा जण आहोत आणि सगळेच वाइन घेतात.

माझी अडचण अशी की, मागच्या शिमग्याला मी याच तिखल्याबरोबर एक चांगली काबर्ने-शिराझ आणली होती. जेवणाआधी घेतलेला पहिला घोट सगळ्यांना आवडला. पण बांगड्याचा घास खाऊन दुसरा घोट घेतला, तेव्हा तोंडात तांब्याचे नाणे धरल्यासारखी चव आली, हिवसट वास नाकात चढला आणि मिरचीचा जाळ दुपटीने वाढला. मासा त्याच सकाळी आणलेला, ताजा होता, कारण कल्ले मी स्वतः उघडून पाहिले होते. सासऱ्यांनी काही न बोलता पेला बाजूला सारला आणि पाणी मागितले. रेड वाइन त्यांच्या विशेष आवडीची असल्यामुळे मला ते फार लागले.

असे नेमके कशामुळे होते, या बेताबरोबर कोणती वाइन द्यावी आणि बारा माणसांना किती बाटल्या लागतील, हे जाणकारांनी सांगावे. शक्यतो आपल्या नाशिककडचीच वाइन घ्यावी, अशी इच्छा आहे.

द्राक्षबाग:

वाशिष्ठीताई, तुमच्या मासळीत काही दोष नव्हता आणि बहुधा त्या वाइनमध्येही नव्हता. मी बारा वर्षे नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करतो आणि तुम्ही वर्णन केलेली ती धातूची चव आम्ही पुष्कळदा ऐकतो. जपानमधल्या मर्सियन या वाइन कंपनीतील संशोधकांनी २००९ मध्ये तिचा छडा लावला. त्यांनी निरनिराळ्या वाइन शिंपल्यातील स्कॅलपबरोबर चाखून पाहिल्या, तेव्हा ज्या वाइनमध्ये लोहाचे प्रमाण लिटरला साधारण २ मिलिग्रॅमच्या वर होते, तिच्याबरोबर हिवसट चव जोरात उमटली आणि लोह बांधून ठेवणारा पदार्थ मिसळताच ती दबली. माशाच्या तेलातील नाजूक घटक लोहाच्या संपर्कात येताच झटकन फुटतात आणि त्यांतून तो वास सुटतो. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे असल्यामुळे त्यांच्याबाबतीत हे पापलेटापेक्षा अधिक जाणवते.

तिखट दुप्पट जाळण्याचे कारण वेगळे आहे. रेड वाइन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालींतील आणि बियांतील टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा, तिच्यात उतरतो. मिरचीने आधीच हुळहुळलेल्या जिभेवर हा तुरटपणा खरखरीत लागतो. त्यात काबर्ने-शिराझसारख्या वाइनमधील मद्यार्क १३ ते १४ टक्क्यांच्या घरात असतो आणि जिभेच्या ज्या संवेदनांना मिरची पेटवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो.

म्हणून तुमच्या बेतासाठी व्हाइट वाइनकडे वळा असे मी म्हणेन आणि नाशिकच्या दोन द्राक्षांची नावे सुचवेन. एक सोविन्यों ब्लाँ आणि दुसरे शेनाँ ब्लाँ. पहिलीचा वास हिरव्या मिरचीची देठे मोडल्यासारखा, ओल्या गवतासारखा असतो आणि ती चवीला कोरडी व आंबट असते. कोथिंबीर-पुदिन्याच्या चटणीला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटते. दुसरीत पेरूची, पिकलेल्या अननसाची झाक असते आणि सुलासारख्या काही वायनऱ्यांची शेनाँ जाणूनबुजून किंचित गोड ठेवलेली असते. ही किंचित गोडी तिखल्यासाठी मोलाची आहे, कारण साखर मिरचीचा जाळ शमवते.

आपल्याकडील व्हाइट वाइनमध्ये आंबटपणा टिकवणे हे सोपे काम नसते, हेही इथे सांगावेसे वाटते. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आपल्याकडे पावसाळा टाळण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करून जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे तोडतात. थंडीत नाशिकची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते, पण फेब्रुवारी सरता सरता दुपारचे ऊन चढू लागले की द्राक्षातील मॅलिक आम्ल भराभर जळते. एका आठवड्याचा उशीर झाला तरी वाइन बोथट होते. म्हणून आम्ही व्हाइट वाइनची द्राक्षे उजाडण्याआधी, डोक्याला बॅटरी बांधून तोडतो आणि क्रेट गार असतानाच ती गाळपाला पाठवतो. आदल्या वर्षीची किंवा याच वर्षीची बाटली मागा, असे मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच. ही वाइन वर्षानुवर्षे साठवण्याची नव्हे.

तिरफळ:

द्राक्षबाग यांचे म्हणणे मला पटते, पण मी वेंगुर्ल्याची असल्यामुळे प्रश्नाकडे चुलीच्या बाजूने पाहते. आपल्याकडे माशाबरोबर वाइन निवडणे म्हणजे खरे तर वाटणाबरोबर वाइन निवडणे असते. फ्रान्समध्ये वाफवलेला मासा लोणी आणि लिंबू लावून खातात, तेव्हा माशाची चव पुढे असते. आपल्या तिखल्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण, सुकी मिरची, आमसूल आणि तिरफळ पुढे असतात आणि बांगडा त्यांच्या आधाराने उभा असतो. त्यामुळे ‘पांढऱ्या माशाला पांढरी वाइन’ एवढ्यावर थांबलात तर निम्मेच उत्तर मिळते.

ताई, बेतातील प्रत्येक पदार्थाला दोन गोष्टी विचारा: तो किती आंबट आहे आणि किती तिखट आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल, तर वाइन पचपचीत, पाण्यासारखी लागते. तुमच्या बेतात आमसूल आहे आणि शेवटी आगळाची सोलकढी आहे. सोलकढीपुढे कोणतीही वाइन टिकत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे, कारण आगळाचा आंबटपणा आणि नारळाच्या दुधाचा साय धरलेला थर या दोघांमध्ये ती गुदमरते. म्हणून भात आणि सोलकढी आली की वाइनचे पेले उचलावेत, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. सोलकढी हेच त्या घासाचे पेय आहे आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवण्याची गरज नाही.

तळलेल्या पदार्थांचे मात्र वेगळे आहे. बोंबील मी फळीखाली ठेवून, वर वजन देऊन त्यातले पाणी काढते, मग मीठ, हळद, तिखट आणि थोडे आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळते. बाहेर कुरकुरीत रवा आणि आत जवळजवळ लोण्यासारखा मऊ मासा, अशा घासाबरोबर बुडबुड्यांची कोरडी स्पार्कलिंग वाइन फार सुंदर लागते. बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातील तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. नाशिक जिल्ह्यात सुला, यॉर्क आणि दिंडोरीचे शँडाँ यांच्या ब्रूट स्पार्कलिंग वाइन मिळतात. बाटलीवर ‘ब्रूट’ हा शब्द पाहून घ्या. तो कोरड्या वाइनसाठी वापरतात.

तीच स्पार्कलिंग वाइन तिखल्याबरोबर मात्र चालू ठेवू नका. तिरफळाने जीभ आधीच बधिर होऊन मुंग्या आल्यासारखी झालेली असते, त्यात मिरची असते आणि वरून बुडबुडे टोचतात. माझ्या जिभेला ते तिन्ही मिळून असह्य होते. तिखल्याला शांत, बुडबुडे नसलेली, किंचित गोड शेनाँच हवी, याबाबत माझे आणि द्राक्षबाग यांचे एकमत आहे.

कोळंबीच्या सुक्याबद्दल थोडेच सांगते. त्यात कांदा आणि खोबरे भाजून घेता की ओले घालता? भाजलेले असेल तर ते शेनाँकडे झुकेल. ओले खोबरे आणि कोथिंबीर असेल तर सोविन्यों ब्लाँही छान चालेल.

वाशिष्ठी:

तिरफळताई, सुक्यात आम्ही ओलेच खोबरे घालतो, वरून कोथिंबीर पेरतो आणि आंबटपणासाठी तीन-चार आमसुले टाकतो. वाइनआधी पदार्थाचा आंबटपणा पाहायचा असतो, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. सासऱ्यांच्या पेल्यात मात्र काहीतरी रंगीत असावे, असे मला फार वाटते. त्यासाठी काही मार्ग आहे का?

मांडवी:

आहे, आणि तो सांगण्यासाठीच लिहितो. मी पणजीला राहतो आणि माशाबरोबर रेड वाइन कधीच नको, हा नियम मला मान्य नाही. पोर्तुगालमध्ये खारवून सुकवलेल्या कॉड माशाबरोबर, म्हणजे बाकल्यावबरोबर, रेड वाइन घेण्याची जुनी रीत आहे आणि तो देश माशांच्या बाबतीत अडाणी आहे असे कोणी म्हणणार नाही. आमच्या गोव्यात १९६१ पर्यंत त्यांचे राज्य होते, त्यामुळे जुन्या घरांच्या जेवणात वाइनची ओळख बाटलीवरची माहिती वाचून झालेली नाही, ती आजी-आजोबांच्या मेजावर झालेली आहे.

द्राक्षबाग यांनी सांगितलेली लोहाची गोष्टच माझ्या बाजूने बोलते. लोह प्रत्येक रेड वाइनमध्ये सारखे नसते. माती, द्राक्षावरची धूळ, गाळपाची भांडी यांप्रमाणे ते बदलते. त्यामुळे दोष रंगाला देता येत नाही. लोह कमी, टॅनिन कमी आणि आंबटपणा चांगला असेल, तर रेड वाइन भाजलेल्या किंवा तव्यावर लाल मसाला लावून परतलेल्या सुरमईबरोबर उत्तम जाते. आमच्या रेशाद मसाल्यात व्हिनेगर असते, म्हणून वाइन आंबट हवीच. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे ही रेड वाइन मी अशा सुरमईबरोबर देतो. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीतील आणि आपल्याकडील भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती वायनरी उभी केली, म्हणून ते नाव. मी ही बाटली जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो, कारण आपल्याकडे ‘खोलीच्या तापमानाला’ दिलेली रेड वाइन ३० अंशांवर असते आणि त्या उष्णतेत तिचा मद्यार्क नाकात झोंबतो. १५-१६ अंशांवर तीच वाइन रसाळ लागते.

तरीही, वाशिष्ठीताई, तुमच्या बेतात सुरमई नाही आणि बांगड्याच्या तिखल्याबरोबर मी स्वतः सांजोवेझेही देणार नाही. सासऱ्यांसाठी रोझे घ्या. काळ्या द्राक्षांच्या साली रसात काही तासच ठेवून काढून घेतात, त्यामुळे गुलाबी रंग येतो, स्ट्रॉबेरीसारखा वास येतो, पण तुरटपणा नावालाच उतरतो. सुलाची झिन्फँडेल द्राक्षाची रोझे थोडी गोडसर आहे आणि कोळंबीच्या सुक्याबरोबर मी ती अनेकदा दिली आहे. त्यांच्या पेल्यात रंगही दिसेल आणि मासाही बिघडणार नाही.

राइनकाठ:

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या जर्मनीत माइन्झला राहतो. इथे बांगडा मिळतो, तिरफळे आई डब्यात भरून पाठवते आणि आमच्याकडे दर महिन्याला एकदा तिखले होते. इथली रीझलिंग ही व्हाइट वाइन मी त्याच्याबरोबर घेतो, विशेषतः मोझेलच्या खोऱ्यातील ‘काबिनेट’ दर्जाची. तिच्यात मद्यार्क ८ ते ९ टक्केच असतो, गोडी स्पष्ट जाणवते आणि तिला लिंबासारखी धार असते. तिखट, आंबट आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा या तिघांनाही ती एकाच वेळी सांभाळते.

तुमच्यासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, दुकानात बाटली हातात घेतल्यावर मद्यार्काचा आकडा वाचा. तिखल्यासाठी दोन वाइनमध्ये निवड करायची झाली तर १३.५ टक्क्यांपेक्षा ११.५ किंवा १२ टक्क्यांची घ्या. सुला रीझलिंगही करते. मिळाली तर शेनाँशेजारी ठेवून पाहा. लाकडी पिंपात मुरवलेली शार्दोने मात्र या बेताला आणू नका. तिच्यातील भाजलेल्या लाकडाची, व्हॅनिलाची चव मिरचीसमोर कडवट होते. ती लोण्यात परतलेल्या शेवंडीला द्यावी.

द्राक्षबाग:

बाटल्यांचा हिशेब राहिला होता. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा पेले भरतात, म्हणजे बारा माणसांच्या एका फेरीला दोन बाटल्या लागतात. तळलेल्या माशांबरोबर स्पार्कलिंगच्या दोन, सुक्याबरोबर एक रोझे आणि एक सोविन्यों ब्लाँ, तिखल्याबरोबर शेनाँच्या दोन, असे धरून चला. पेले एका वेळी पूर्ण भरू नका. नोव्हेंबरातही मुंबईत पेल्यातली वाइन दहा-पंधरा मिनिटांत कोमट होते.

व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर, स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर द्यावी. फ्रिजमध्ये तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात मूठभर मीठ टाका, वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फाने तेवढे लवकर होत नाही, कारण बर्फाचे खडे बाटलीला मोजक्याच ठिकाणी टेकतात. स्पार्कलिंगची बाटली उघडताना ती माणसांपासून दूर तिरपी धरा, तारेची जाळी सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका आणि बूच धरून बाटली फिरवा. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो; तिथे पंच्याहत्तर वर्षांचे गृहस्थ आणि इतर मंडळी बसलेली असतील, म्हणून हे आवर्जून लिहितो.

तिरफळताईंनी बोंबलाला आगळ लावण्याचे लिहिले, त्यावरून एक सांगतो. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जो वास येतो, तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा असतो आणि आम्ल लागताच तो पदार्थ क्षारात बदलून हवेत उडायचा थांबतो. कोकणातील बायका माशाला आधी आगळ, लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळून ठेवतात, त्यामागचे रसायन हेच आहे. तुम्हीही पापलेटांना ते करा. वाइनला त्याची मोठी मदत होते.

वाशिष्ठी:

सर्वांचे मनापासून आभार. कार्तिकी एकादशी झाली आणि कार्यक्रमाला अजून थोडे दिवस आहेत, म्हणून काल मी एकेक बाटली आणून घरच्या घरी पाहणी केली. दोन बांगड्यांचे तिखले, एक पापलेट, थोडी कोळंबी आणि वाटीभर सोलकढी असे मांडून मी आणि माझे पती बसलो. आधी वाइनचा घोट, मग घास, मग पुन्हा घोट, असा क्रम ठेवला आणि प्रत्येक वेळी मधे कोरडा भात खाल्ला.

हिरव्या चटणीचे पापलेट आणि सोविन्यों ब्लाँ ही जोडी पहिल्याच घासाला जुळली. चटणीतील कोथिंबीर कुठे संपते आणि वाइनचा हिरवा वास कुठे सुरू होतो, हे कळेनासे झाले होते. तीच वाइन तिखल्याबरोबर घेतली तेव्हा ती पातळ आणि झोंबरी लागली, तांब्याच्या नाण्याची चव मात्र आली नाही. मग शेनाँ घेतली. घास गिळल्यावर जाळ येतो तो आला, पण घोटाबरोबर तो ओसरला आणि मागे तिरफळाचा संत्र्याच्या सालीसारखा वास उरला, जो मला आजवर मिरचीच्या गडबडीत इतका स्पष्ट कधी लागला नव्हता. माझ्या पतींनी डोळे मिटून दुसरा घास घेतला आणि पेला पुढे केला.

रोझे सुक्याबरोबर चांगली लागली, तरी आमसुले चारऐवजी दोनच घालायची असे ठरवले आहे, कारण चार घातली की ती फिकी पडते. सोलकढीबद्दल तिरफळताईंचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. एका घोटात शेनाँची सगळी चव पुसली गेली.

त्यामुळे पाने मांडताना प्रत्येक ताटाशी एकच पेला असेल, तिखले संपले की तो उचलला जाईल आणि भातावर सोलकढीची वाटी येईल. सासऱ्यांना मी काहीच सांगितलेले नाही. रोझेची बाटली त्यांच्या खुर्चीजवळच्या खणात झाकून ठेवली आहे आणि ती त्या दिवशी सकाळी अकरा वाजता फ्रिजमध्ये जाईल.